चेहरा दिसायला हवा

अंतराच्या ताटातला वरणभात निवून गेला, तरी स्वप्ना फोन कानाला लावून तोच व्हॉइस मेसेज पुन्हा ऐकत होती. हजराचा आवाज अगदी हळू होता, शेजारी कुणी झोपलेलं असावं तसा.

"बहन, मेरी तस्वीर हटवा दो. बस, और कुछ नहीं माँगती."

हजरा हेरातला सुइणींना शिकवायची. युद्धाने मोडून पडलेल्या त्या देशात प्रसूतिकेंद्रं उभी करायला बऱ्याच देशांनी मिळून एक संस्था नेमली होती आणि तिच्या दोह्यातल्या ऑफिससाठी स्वप्ना त्याच शहरातल्या बिन महमूद भागातल्या आपल्या फ्लॅटमधूनच अर्धवेळ काम करायची. हजराचं बालपण पेशावरच्या निर्वासितांच्या छावणीत गेलेलं, त्यामुळे तिला उर्दू यायची. स्वप्नाची हिंदी नाशिकची. दोघींच्या मुली एकाच वयाच्या आणि दोघीही जेवताना छळणाऱ्या. कामाचं बोलणं झालं की खरं बोलणं सुरू व्हायचं. स्वप्नाची अंतरा मध्येच डोकं घालून हजरा आंटीला पडलेला दात दाखवून जायची.

आता हेरात तालिबानच्या हातात गेलं होतं. हजरा मुलीला घेऊन नणंदेच्या घरात मागच्या खोलीत लपली होती. आणि संस्थेच्या वेबसाइटवर मात्र ती हसत उभी होती. नाव, गाव, केंद्राची पाटी, सगळ्यासकट.

ते हसू स्वप्नानेच मागून घेतलेलं. पैसा देणाऱ्या देशांचा नियमच होता: फोटोत त्यांच्या झेंड्यांची पाटी हवी आणि पाटीखाली बाईचा चेहरा दिसायला हवा. हजरा आपले पाठमोरेच फोटो पाठवायची. कधी नुसते हात, कधी शिकवायची रबरी बाहुली. संचालक देवव्रत सर पुण्याचे, बोलायला मधाचं बोट. पाठीकडे बघून कुणाला पाझर फुटत नाही गं, असं ते हसत म्हणाले होते. स्वप्नाने त्यांना दोनदा विचारलं, हे बाहेर नाही ना जाणार?

"रिपोर्टच्या बाहेर जाणार नाही," ते म्हणाले होते. "माझा शब्द आहे. मला तू धाकट्या बहिणीसारखी."

सरांचा शब्द तिने आपला म्हणून हजराला दिला. हजराने नवऱ्याची समजूत काढली, ओढणी नीट केली आणि पाटीखाली उभी राहिली. फोटो वर्षभर रिपोर्टात राहिला. मग एक दिवस वेबसाइटवर दिसला. सर म्हणाले, मुख्य ऑफिसने परस्पर टाकला, बघतो. हजराने तेव्हा फार काही म्हटलं नाही. तेव्हा हेरात शांत होतं.

स्वप्नाने सरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मधूनमधून अरेरे म्हटलं. युरोपातल्या मुख्य ऑफिसच्या कानावर घालतो, उद्या काम खलास समज, असं सांगून त्यांनी फोन ठेवला. पण उद्या काही झालं नाही. परवाही नाही. स्वप्ना पोळ्या लाटताना, अंतराची वेणी घालताना, उठता-बसता वेबसाइटवरचं हजराचं ते आतलं पान उघडून बघत राही. तिचा नवरा कुशल त्या आठवड्यात फुटबॉल वर्ल्ड कपच्या पाहुण्यांसाठी बांधलेल्या व्हिलांमध्ये कामाला होता. पाहुण्यांच्या आधी तिथे काबूलहून विमानाने आणलेली कुटुंबं उतरली होती, आणि त्यांच्या एसींचं काम त्याच्या कंपनीकडे होतं. बायका दिवसभर दाराकडे तोंड करून बसतात, असं तो सांगायचा. हेरातहून काबूलपर्यंत पोचणंच हजराला शक्य नव्हतं.

"तू तिला काय सांगतेयस?" त्याने विचारलं.

"होईल म्हणून सांगतेय."

"आणि झालं नाही तर?"

स्वप्नाने गॅस पुसायला घेतला.

सकाळी पान उघडलं तर तिथे हजरा नव्हती. तिच्या जागी एका विहिरीचा फोटो होता. स्वप्नाला एकदम हलकं वाटलं. 'हट गयी,' असं तिने हजराला लिहूनही टाकलं. पलीकडून लगेच दुवा आली, तिच्यासाठी आणि अंतरासाठीही.

मग सवयीने तिने वेबसाइटचं पहिलं पान उघडलं. तिथे हजरा होती. पडदाभर. खाली लिहिलं होतं, हिला विसरू नका.

शाळेला सुट्टी, घरी अंतराजवळ कुणी नाही. स्वप्नाने तिला बूट घातले आणि टॅक्सी करून ऑफिस गाठलं. दाराशीच माणसाएवढी, गुंडाळता येणारी स्टँडी उभी होती, हजराच्या त्याच फोटोची; संध्याकाळी हॉटेलात देणगीदारांची बैठक होती. देवव्रत सर फोनवर होते. तिला बघून त्यांनी हातानेच बस म्हटलं. ती बसली नाही.

"सर, तुम्ही शब्द दिला होता."

"अगं, आपणच तिला विसरलो तर? या एका चेहऱ्याने दोन दिवसांत जेवढी मदत आली, तेवढी आपण वर्षभरात उभी केली नव्हती."

"ती लपून बसलीय. तिला विचारलं का कुणी?"

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आवाज तसाच गोड होता.

"संमती तूच घेतली होतीस ना, स्वप्ना? उद्या काही झालं तर तुझंच नाव निघेल. म्हणून सांगतो, शांत राहा."

केसाने गळा कापतात म्हणजे काय, ते तिला उभ्या उभ्या कळलं. आणि हेही कळलं, की हजराला ते आता तिच्याकडूनच कळणार होतं.

तिने तिथेच उभं राहून हजराला लिहिलं, हटलेली नाही, मी चुकीचं सांगितलं, ते घर सोड. मग ती दाराकडे गेली. स्टँडीच्या माथ्यावरची पट्टी तिने आकड्यातून सोडवली आणि दोन्ही हातांनी धरून हळूहळू खाली आणली. आधी झेंडे गेले, मग कपाळ, मग डोळे. सर मागून काहीतरी इंग्रजीत म्हणाले. दुसरी छापता येईल, असंच काहीसं. तिने ते जड धूड काखेत मारलं, अंतराचं बोट धरलं आणि बाहेर पडली.

स्टेडियमकडे जाणाऱ्या नव्या रस्त्याच्या खोदकामात टॅक्सी अडकली. फोन वाजला. हजराचं उत्तर आलं होतं. ती निघाली होती, कुठे ते लिहिलं नव्हतं. 'तुम्हारे पास जो तस्वीरें हैं, मिटा दो. बच्चियों वाली भी. फिर मेरा नंबर.'

स्वप्ना एकेक फोटो पुसत गेली. शेवटी नंबर पुसला.

अंतरा त्या स्टँडीच्या नळकांड्यावर हात ठेवून बसली होती. "ममा, दॅट वॉज हजरा आंटी, राइट? आंटी फ्रॉम हेरात?"

हेरातचं नाव ऐकून आरशात ड्रायव्हरचे डोळे वर उठले.

"नाही," स्वप्ना म्हणाली. "आपण तिला ओळखत नाही."

आणि मग तेच, ड्रायव्हरला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, तिने हिंदीत सांगितलं.