वाडग्यातले किडे

गोदामाच्या दारापासून रस्त्याच्या वळणापर्यंत गालच गाल होते. सुजलेले, रुमालाने बांधलेले, तळव्यात धरून ठेवलेले. ज्यांचे गाल धड होते ते बाकीच्यांना धीर देत होते. धीर म्हणजे काय, तर आपल्या तोंडातून पडलेल्या किड्यांचा आकडा आधीच्यापेक्षा एकाने वाढवून सांगायचा. आत, उलट्या खोक्यावर पांढरी चादर अंथरून दंतसिद्ध महाराज बसले होते.

“डॉक्टर काय करतो?” महाराज विचारत. “घर पाडतो! आणि भाडेकरू? तो जातो शेजारच्या घरात! मी घर पाडत नाही, मंडळी. मी भाडेकरू काढतो!”

टाळ्या पडत. ज्यांचा एक हात गालावर अडकलेला होता, ते मांडीवर थाप मारत.

रांगेत एक शिंपी होता, त्याची थोरली बहीण होती आणि मागे मुलगी. शिंप्याची दाढ आदल्या संध्याकाळी दवाखान्यात काढली होती. बधिर करणाऱ्या इंजेक्शनचा असर उतरला, कळ सुरू झाली, आणि त्याने स्वतःच निदान केलं. “दाढ गेली तरी दुखतंय. म्हणजे कीड आतच राहिली.”

“बाबा, जखम आहे ती. बोटात कात्री घुसली तर दुसऱ्या दिवशी दुखत नाही?” मुलगी म्हणाली.

“कात्रीत कीड नसते.”

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तर बजावून सांगितलं होतं, “खळग्यात रक्ताची गुठळी धरेल. ते जखमेचं झाकण. ते उडालं की खाली हाड उघडं पडतं, आणि मग जी कळ येते तिच्यापुढे ही कळ म्हणजे गुदगुल्या. तेव्हा आज चूळ नाही, आणि पुढचे तीन-चार दिवस जोरात थुंकणं नाही, नळीने ओढून पिणं नाही, तंबाखूचं तर नावच नको. गोळ्या वेळेवर. उद्यापासून कोमट मिठाचं पाणी नुसतं घोळवायचं.” आणि इथे महाराजांचा उपचार संपायचा तो नळीने धूर ओढून आणि खच्चून चूळ थुंकून!

पण मुलीला त्याहून मोठी भीती होती. मागल्या वर्षी आईची दाढ ठणकत होती तेव्हा वडिलांनी तिला इथेच आणलं होतं. वाडग्यात भरपूर किडे पडले, घरी आनंद झाला. मग गाल सुजला, सूज गळ्यात उतरली, घास गिळेना. तरी ‘किडे निघालेत, आता उतरेल’ म्हणत सगळे थांबले. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांच्या हाती काही उरलं नव्हतं. मुलीने नंतर त्या किड्यांबद्दल मिळेल ते वाचून काढलं. वडिलांशी मात्र त्यातलं अक्षरही बोलली नाही. किडे खोटे ठरले, तर त्यांनी कशाच्या आधारावर जगायचं?

“आधी मी,” आत्या पुढे सरसावली.

“तुझं कुठे दुखतंय?” शिंपी म्हणाला.

“नाही दुखत. पण आलोच आहोत तर काढून घेते. परत कोण येतंय?”

पाण्याने भरलेल्या वाडग्यात मधोमध एक पणती होती आणि तिच्यात निखारे. महाराजांनी त्यावर चिमूटभर ‘औषधी’ टाकली, वर नरसाळं उपडं ठेवलं आणि त्याची नळी आत्याच्या तोंडात दिली. आत्या जीव खाऊन धूर ओढू लागली. तडतड झाली. मग चूळ, थुंकणं, खोकला. महाराजांनी नरसाळं उचललं. गरम पाण्यात पांढरे, वाकडे, बारीक जीव वळवळत होते.

“बापरे! जुनी वस्ती!” महाराज गरजले. “वरच्या दातांतही, खालच्या दातांतही!”

आत्याने गर्दीकडे असं पाहिलं, जणू तिला बक्षीसच मिळालं होतं.

वडील खोक्यापुढे बसायला वाकले आणि मुलीला राहवेना.

“आत्या, ती वस्ती जरा बाहेर काढून दाखव ना.”

आत्याचं हसू थिजलं. मग तोंडात बोटं घालून तिने वरची कवळी काढली, खालची काढली आणि दोन्ही तळहातावर ठेवून बघत राहिली.

“मेल्या!” ती बोळक्या तोंडाने ओरडली. “ही कारफान्यातली आहे! मी रोफ घाफते हिला!”

गोदामात जे हसू फुटलं त्याने कितीतरी गालांना कळा आल्या.

“किडे हिरड्यांत होते,” महाराज म्हणाले.

“मग तोंडाशिवायच बघू.” मुलीने त्यांच्या पुडीतली चिमूट उचलून निखाऱ्यावर टाकली, नरसाळं ठेवलं आणि नळीला कुणालाच तोंड लावू दिलं नाही. तडतड झाली. नरसाळं उचललं. किडे हजर!

“हवेतच फार कीड आहे,” महाराज पुटपुटले.

“मग हवेचाच दात उपटा!” मागून कुणीतरी ओरडलं.

“ह्या रानझुडपाच्या बिया आहेत,” मुलगी म्हणाली. “तापल्या की फुटतात आणि आतला पांढरा कोंब पाण्यात उडतो. तेच हे किडे. वळवळतं ते पाणी.”

“पण मला बरं वाटलं होतं की!” एक जण म्हणाला.

“काही दुखणी थोडा वेळ आपोआप दबतात. श्रेय वाडगं घेतं. आतला पू मात्र जागच्या जागी असतो.”

शिंपी वाडग्याशी आला. एक ‘किडा’ त्याने बोटावर घेतला, चिरडला, पाहिला.

“मागल्या वर्षी तिच्या तोंडासमोर वाडगं मी धरलं होतं,” तो म्हणाला.

“हो, बाबा.”

समजुतीची पुष्कळ वाक्यं मुलीला येत होती. त्यातलं एकही खरं नव्हतं, म्हणून तिने फक्त त्यांचा दंड धरला.

महाराज चादर गुंडाळू लागले. गर्दी पांगली, काही शिव्या देत, काही नव्या महाराजांचा पत्ता विचारत. दाराशी एक तरुण जोडपं मात्र तसंच उभं होतं. बायकोची सूज हनुवटीखाली उतरली होती.

शिंपी थबकला. “हिला घास गिळता येतो?”

“सकाळपासून नाही,” नवरा म्हणाला.

“ताप?”

“आहे. पण उद्या दुसरीकडे एक जण किडे काढतात म्हणे...”

“सूज गळ्याकडे सरकली, गिळता येईना, की उद्या नसतो रे बाबा.” शिंप्याने खिशातून डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याचं कार्ड काढलं, मग ते परत खिशात घालून सरळ त्या मुलाचं मनगटच धरलं. “रिक्षा थांबव. मी येतो बरोबर.”

“पण किडे...”

“किडे नसतात,” तो म्हणाला. “माझ्या बायकोच्याही दाढेत नव्हते. चल लवकर.”