कामाचं लुगडं

काष्टा तिसऱ्यांदा सुटला तेव्हा नाथा म्हात्रेनं स्वतःलाच एक सणसणीत शिवी हासडली. बायका हे नऊ वारांचं प्रकरण पहाटे अर्धवट झोपेत कसं नेसतात, देव जाणे! जन्मभर गोदूला लुगड्यात पाहिलं, पण नुसतं पाहून काय येतंय? शेवटी त्यानं लुगडं कमरेला कसंबसं गुंडाळलं, वरून सुंभाचा तुकडा करकचून बांधला, पदर डोक्यावर ओढला आणि बादली उचलून तो गोठ्यात शिरला.

"चंद्रे, आले गो मी," घसा बारीक करून तो म्हणाला.

चंद्री म्हैस गव्हाणीतून तोंड काढून वळली. पदर हुंगला, पदराचं टोक चाटलं, आणि नाकातून एक लांब सुस्कारा सोडला. नाथा खाली बसला. कास हाताला सैल लागली, सडांत दूध उतरलं आणि बादलीत धार वाजायला लागली. अर्धी बादली भरेपर्यंत त्यानं हूं की चूं केलं नाही. मिशीवाली गोदूबाई जास्त बोलली की चंद्रीला शंका येते, हे त्याला अनुभवानं कळलं होतं.

हसू येईल, येऊ द्या. पण त्यामागची गोष्ट काही हसण्याजोगी नव्हती.

एके काळी चेणे गावातल्या या गोठ्यात दावणीला जागा नसे. नाथा पहाटे सायकलला कॅन लावून निघायचा, काशिमीऱ्यापर्यंत दूध घालायचा. पुढं मीरारोडला इमारती उठल्या तसा मोटारसायकलवर जाऊ लागला. त्या दुधावर त्यानं घर बांधलं, लेकाला, जितेशला शिकवलं, त्याचं लग्न लावलं. मग लोकांना पिशवीतलं दूध बरं वाटायला लागलं. शेजारच्या गवताच्या माळावर रिसॉर्ट झालं, चारा विकत आणायची पाळी आली. एकेक म्हैस गेली. राहिली ती चंद्री, आणि तीही गोदूच्या हट्टापायी.

चंद्रीचं पारडू जन्मताच गेलं होतं. पारडू नसलं की म्हैस पान्हा सोडत नाही. पण गोदू तिच्या गळ्यात पडून रडली, रात्रभर तिच्याजवळ बसली, आणि सकाळी या बयेनं गोदूलाच आपलं पारडू मानलं! तेव्हापासून गोदू बसली तरच दूध. नाथा जवळ गेला तर लाथ.

"तुमच्या अंगाला मायाच न्हाय," गोदू त्याला चिडवायची. "मुक्या जनावराला बरोबर कळतंय."

दिवाळी झाली आणि गोदू गेली. चुलीपुढं बसल्या बसल्या गेली. पोळी तव्यावरच राहिली.

घरात माणसांची रीघ लागलेली, आणि गोठ्यात चंद्री हंबरत होती. कास दगडासारखी टणक झाली. नाथानं हात लावला की ती उसळायची. नवरा म्हणून रडायलासुद्धा त्याला सवड मिळाली नाही. मग एका पहाटे गोठ्याच्या खुंटीवर त्याला गोदूचं कामाचं लुगडं दिसलं. शेण, दूध, मिश्री आणि घाम, सगळ्यांचा मिळून गोदूचा म्हणून जो वास होता, तो त्याला होता. गोदूची बाकीची लुगडी आल्यागेल्या बायकांना देऊन झाली होती. हे मळकं कोण नेणार? नाथानं ते अंगावर घेतलं, आणि चंद्रीनं दूध दिलं. त्या दिवशी तो म्हशीच्या पोटाला डोकं टेकून पोटभर रडला.

एकदा सून मिनल आली होती. बिचारीनं चांगुलपणानं ते लुगडं साबणाच्या पाण्यात घालायला घेतलं. नाथा असा ओरडला की पोरगी दोन पावलं मागं सरली. सुनेवर आवाज चढवायची त्याची ती पहिलीच वेळ. नंतर त्यानंच तिची समजूत घातली, पण कारण काही सांगितलं नाही. काय सांगणार? म्हशीसाठी ठेवलंय, हे खरंच होतं. पण दुपारी तो स्वतःच ते उशाला घेऊन झोपायचा, हे सुनेला कुठल्या तोंडानं सांगायचं?

"बाबा! हे काय रे?"

नाथा दचकला. दारात जितेश उभा होता, हेल्मेट हातात. तो आज लवकर येईल, असं नाथाला वाटलं नव्हतं.

"दूध काढतोय. दिसत न्हाय काय?"

"आईचं लुगडं नेसून?" जितेशचा चेहरा उतरला. "कधीपासून चाललंय हे?"

नाथानं पदर खाली ओढला आणि जमेल तेवढं सांगितलं. जितेश ऐकत राहिला. मग दार लोटून घेत तो म्हणाला, "संध्याकाळी मुर्धा गावची पार्टी येतेय म्हैस बघायला. त्यांच्यासमोर हे असलं काही करू नकोस, प्लीज. लोक व्हिडिओ काढतात आजकाल. मिनलच्या माहेरचे बघतील, माझ्या ऑफिसातले बघतील. तुला हसतील रे बाबा, आणि मला ते सहन नाही होणार."

"न्हाय नेसणार," नाथा म्हणाला. पोराचं म्हणणं काही चूक नव्हतं.

म्हैस विकायची हे नाथानंच कबूल केलं होतं. मागच्या महिन्यात तो गोठ्यात घसरून पडला आणि शेजारी कुणी येईपर्यंत तिथंच पडून राहिला. त्यानंतर जितेशनं हात जोडले, 'आता आमच्याकडे चल'. गुडघाही साथ देत नव्हता. नाथा हो म्हणाला, पण एका अटीवर. चंद्री दूध काढणाऱ्याच्याच घरी जाईल. भाकड म्हशीला विचारणारं गिऱ्हाईक एकच असतं, आणि ते तिला गोठ्यात नेत नाही. गोदूची चंद्री तिकडं गेली, तर वर जाऊन गोदूला तोंड कसं दाखवायचं?

संध्याकाळी टेम्पो आला. मुर्ध्याचा गुणवंत आणि त्याची बायको मंदा उतरले. माणसं साधी, घरी दोन म्हशी बाळगून होती. गुणवंतनं चंद्रीचे दात बघितले, पाठीवरून हात फिरवला.

"जनावर चांगलं हाय, दादा. आता धार काढून दाखवा. मंग लगेच नेतो."

नाथा पॅंट-सदऱ्यात खाली बसला. कासेला हात लागतो न लागतो तोच चंद्रीनं लाथ झाडली. बादली भिंतीवर जाऊन आदळली. त्यानं चुचकारलं, पेंड पुढं केली, पुन्हा बसला. पुन्हा लाथ. यावेळी मनगटावर.

"आटलीय काय?" गुणवंतनं विचारलं.

"न्हाय हो, सकाळीच बादली भरली."

"तुम्ही सांगता म्हणजे खरंच असंल," गुणवंत टेम्पोकडं बघत म्हणाला. "पण आमी डोल्यांनी बघितल्याशिवाय कशी नेणार? ऱ्हाव दे, दादा."

तो निघालासुद्धा. नाथा मनगट धरून उभा होता. त्यानं पोराला शब्द दिला होता, आणि पोर समोरच उभं होतं.

जितेश बापाकडं बघत होता. एवढासा झालेला बाप त्यानं आई गेली तेव्हासुद्धा पाहिला नव्हता. तो गोठ्याच्या कोपऱ्यात गेला आणि खुंटीवरचं लुगडं घेऊन आला.

"काका, जरा थांबा," तो गुणवंतला म्हणाला. मग बापाला, "हात वर कर, बाबा."

"अरे, पण तूच सकाळी..."

"वर कर म्हटलं ना."

त्यानं बापाच्या कमरेभोवती आईचं लुगडं गुंडाळलं. काष्टा त्यालाही येत नव्हता. सुंभानंच बांधलं. पदर डोक्यावर देताना त्याचा हात थांबला. वास त्याच्याही नाकात गेला असावा. त्यानं चटकन तोंड फिरवलं.

गुणवंत आधी हसला. हसणारच की हो! पण मंदा हसली नाही. चंद्रीनं पदर हुंगला, सुस्कारा सोडला आणि बादलीत धार वाजू लागली, तशी गुणवंतचंही हसू विरलं. अर्धी बादली भरल्यावर नाथा उठला.

"घरवालीचं हाय काय हे?" मंदानं हळूच विचारलं.

नाथानं होकारार्थी मान हलवली.

"दादा, घरी धार मीच काढते. मना ते लुगडं जरा देता? बघू तरी, माझ्याजवळ ऱ्हाते का."

नाथानं लुगडं सोडून तिच्या हातात दिलं. आडोशाला जाऊन मंदानं ते साडीवरून नेसलं. पटकन, काष्टा घट्ट, गुडघ्यापर्यंत वर खोचलेलं, जसं नेसावं तसं. पदर डोईवर घेऊन ती पाठमोरी खाली बसली आणि चंद्रीच्या कासेला हात लावला.

नाथानं गोठ्याचा खांब धरला. तीच बसण्याची तऱ्हा, तोच पाठीवरचा पदर. आता वळेल आणि म्हणेल, 'तुमच्या अंगाला मायाच न्हाय'. त्याला वाटलं, वळूच नये हिनं.

उरलंसुरलं दूध चंद्रीनं मंदाला दिलं.

व्यवहार ठरला. गुणवंत चंद्रीला फळीवरून टेम्पोत चढवू लागला. मंदा लुगडं सोडायला लागली, तसा नाथा म्हणाला, "ऱ्हाव द्या, वयनी. घेऊन जा. त्याच्याशिवाय ती दूध द्यायची न्हाय."

"बाबा," जितेश कासावीस होऊन म्हणाला, "आईचं एवढंच राहिलंय आपल्याकडे. पदर तरी कापून ठेव."

मंदाही म्हणाली, "हां दादा, नऊवार हाय. वाटलं तर अर्धं ठेवा."

नाथानं पदराचं टोक हातात घेतलं. चंद्रीनं चाटून चाटून ते विरलं होतं. किती वाटत होतं त्याला की म्हणावं, द्या, एक टीचभर तरी द्या. उशाला पुरेल एवढं.

"पदरच तर हुंगते ती," तो म्हणाला, आणि त्यानं टोक सोडून दिलं.

टेम्पोत चंद्री बुजायला लागली. दावं ताणू लागली. म्हणून मंदा पुढं न बसता मागंच चढली आणि तिच्या मानेवर हात ठेवून उभी राहिली. चंद्री गप झाली. जितेशनं फळी लावली, गुणवंतनं टेम्पो सुरू केला.

नाथा लंगडत रस्त्यापर्यंत मागोमाग गेला. गोदूचं माहेरही तिकडंच, मुर्ध्याशेजारच्या राई गावात. ती निघाली की तो असाच रस्त्यापर्यंत यायचा. घोडबंदर रोडवर गाड्यांची रांग लागली होती. टेम्पो वळायला जागा शोधत थांबला. मागं ते लुगडं, तो पदर, आणि पदरात तोंड खुपसलेली चंद्री.

"पोचलीस की फोन कर गो!" नाथा ओरडला.

ओरडला आणि चपापला. परक्याची बायको, पहिल्यांदाच पाहिलेली, आणि तिला असं अगंतुगं! शेजारी उभा जितेश मान खाली घालून रस्त्याकडं बघत होता.

मंदा क्षणभर गोंधळली. मग तिनं डोईवरचा पदर नीट केला.

"करते," ती म्हणाली. "तुमी जेवून घ्या."