महालिंगनं मोडलेला सोमवार

महालिंग धुरकरी म्हणून गाजला तो उणेपुरे तीन हंगाम, आणि तेही राणीसावरगावपासून मानवतपर्यंत. त्यापलीकडं त्याला कुत्रंही ओळखत नव्हतं. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, मालक व्यंकटरावांची जोडी पळवायची, यासाठीच त्यांनी त्याला पगारी ठेवलं होतं. बाकीचे धुरकरी पराणीला खिळा ठोकून तो बैलाच्या पुठ्ठ्यात खुपसायचे. महालिंग मात्र रिकाम्या हातानं छकड्यावर चढायचा आणि नुसता ओरडायचा. ‘गळा हाय का भोंगा!’ म्हणून लोक हसायचे आणि जोडी पुढं गेली की तेच लोक टोप्या उडवायचे.

चंदऱ्या आणि पाखऱ्या हे दोन्ही बैल व्यंकटरावांचे, पण गोऱ्हे होते तेव्हापासून वाढले महालिंगच्या गोठ्यात. त्याची आई सिद्धम्मा त्यांना लेकरांसारखं सांभाळायची. घर लिंगायताचं. सोमवारी बैल म्हणजे साक्षात बसवण्णा, त्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवायचं नाही, हा तिचा कायदा. सोमवारी ती दोघांना न्हाऊ घालायची, कपाळाला विभूती लावायची आणि पाया पडायची. ऐन पेरणीतही तिनं कधी सोमवार मोडू दिला नव्हता.

त्या वर्षी विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदमुळं रस्ते अडले, लांबच्या जोड्या उशिरा पोचल्या आणि राणीसावरगावच्या पटाची शेवटची फेरी नेमकी सोमवारी आली. समोर होती मानवतच्या अडत्याची जोडी.

“मालक, आज जू न्हाई ठेवणार मी,” महालिंग म्हणाला.

व्यंकटराव भडकले. “बैल माझे हायत. सोमवार तुझा असंल! तुला जमत नसंल तर बन्सीधर हाकंल.”

बन्सीधर हा दुसरा धुरकरी शेजारीच पराणी घेऊन उभा होता. खिळा नवाकोरा होता. सकाळी सिद्धम्मानं विभूती लावलेलं कपाळ पुढं करून चंदऱ्या बन्सीधरचाच हात हुंगायला लागला. खुळ्याला वाटलं, गूळ मिळणार. महालिंगला ते बघवेना. सोमवार पाळावा तर बैलांची कातडी फाटणार, कातडी वाचवावी तर आईचा सोमवार मोडणार. असलं त्रांगडं देव भल्या माणसाच्याच गळ्यात का मारतो, कोण जाणे.

“हाकतो,” तो म्हणाला. “पर जिंकलो तर ही जोडी पुन्यांदा पटात उतरायची न्हाई. कुणाच्याच हाती न्हाई. उचला बेलभंडार.”

“आन् मग तू काय करशील रं?”

महालिंगनं चंदऱ्याला आपल्याकडं ओढून घेतलं. दुसऱ्याचे बैल त्याच्या नुसत्या आवाजावर थोडेच पळणार होते! हे त्यालाही कळत होतं आणि व्यंकटरावांनाही. पण अडत्या मिशीत हसत होता. व्यंकटरावांनी चारचौघांत बेल आणि भंडारा हातात घेऊन शपथ वाहिली.

झेंडी पडली. एरवी महालिंगच्या तोंडी शिव्यांची लाखोली असायची, त्या दिवशी एक शिवी निघाली नाही. “चला रं माझ्या देवांनो,” असं म्हणत तो ओरडत होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शेवटच्या खुणेशी त्याची जोडी शिंगभर पुढं होती.

लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. तो उतरला आणि बैल घेऊन घरी आला.

बातमी आधीच पोचली होती. सिद्धम्मानं घागर आणली आणि घामेजलेले बैल पुन्हा धुतले. मग दोघांच्याही पुठ्ठ्यांवरून सावकाश हात फिरवला आणि तळहात उजेडात धरून पाहिला. रक्ताचा ठिपका नव्हता. तिनं दोघांच्या कपाळाला पुन्हा विभूती लावली.

“अव्वा, सोमवार मोडला मी.”

“मोडलास,” ती म्हणाली.

महालिंग मान खाली घालून उभा राहिला. पट संपला होता, आणि आता आईही तुटली असं त्याला वाटलं. सिद्धम्मानं बोटांना राहिलेली विभूती त्याच्या कपाळाला पुसली.

“बसवण्णानं इचारलं, तर म्हातारीनंच जू ठिवाय सांगितलं व्हतं म्हण.”