रंजनाबेनचा फोन आता येत नाही

मी एक जुना टेबलफोन आहे. उधन्यातल्या एका साडी मिलच्या कॉम्प्युटर विभागात, कोपऱ्यातल्या टेबलावर माझं आयुष्य गेलं. मित्रांनो, मला इथे आणलं तेव्हा मी पांढराशुभ्र होतो. विभाग सांभाळणाऱ्या चेतनने स्वतः माझी वायर जोडली आणि मिलभर सांगितलं, "काहीही अडलं तर या नंबरवर फोन करा." मला केवढा अभिमान वाटला होता!

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. कोणाचा प्रिंटर अडायचा, कोणी पासवर्ड विसरायचं. मी वाजलो की चेतन धावत येऊन रिसीव्हर उचलायचा. पण रोज तेच ते ऐकून तो आणि त्याचा जोडीदार ललित कंटाळले. मग त्यांना एक वाईट खोड लागली. माझ्यावर म्यूटचं बटण आहे. ते दाबलं की इकडचं बोलणं पलीकडे जात नाही. फोन स्पीकरवर टाकायचा, म्यूट दाबायचं आणि बोलणाऱ्याची पोटभर थट्टा करायची!

सगळ्यात जास्त थट्टा रंजनाबेनची व्हायची. त्या मूळच्या अमळनेरकडच्या. कित्येक वर्षं साड्यांच्या घड्या घालून, मग हौसेने कॉम्प्युटर शिकून त्या माल रवाना करणाऱ्या डिस्पॅच विभागातल्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्या खुर्चीचं त्यांना कोण अप्रूप!

एकदा त्या म्हणाल्या, "चेतनभाऊ, स्क्रीन काळीच पडी गयी ना!"

चेतनने म्यूट दाबलं. ललित खो खो हसत म्हणाला, "घड्याच घालायच्या होत्या ना बेन, कशाला आलात इकडे?" चेतनही हसला.

पण दाबून दाबून माझं बटण झिजलं होतं. ते लागलंच नव्हतं.  पलीकडून हळूच "बरं भाऊ" आलं आणि फोन ठेवला गेला.

"ऐकलं की काय रे?" ललितने विचारलं.

"ऐकलं तर ऐकलं," चेतन म्हणाला.

त्यानंतर रंजनाबेनचा फोन आला नाही. शिकल्या वाटतं, म्हणून दोघे खूश झाले. मला मात्र चैन पडेना.

मग एका दुपारी सगळ्या मिलचे कॉम्प्युटर ठप्प झाले. डिस्पॅचच्या मेलवर आलेली व्हायरसवाली खोटी फाईल रंजनाबेनने उघडली होती. त्यांच्या मशीनवरून सगळ्या मिलची एकेक फाईल कुलूपबंद होत गेली. तेव्हाच त्यांच्या मशीनची नेटवर्कची वायर काढली असती तर बाकीचं वाचलं असतं. मिलमालक शेठने रंजनाबेनना आमच्या खोलीत बोलावलं.

"लगेच फोन का नाही केला?" चेतन ओरडला.

रंजनाबेन मान खाली घालून म्हणाल्या, "बंद-चालू करी पाह्यं भाऊ, तुम्ही सांगतस तसं. फोन करनार व्हतू, पन तुम्ही हासतस."

ललितने माझ्याकडे पाहिलं. चेतनने खरं सांगावं म्हणून मी जीव मुठीत धरून वाट पाहिली. तो खाली वाकून वायरी तपासू लागला. माझ्यातून सगळ्यांचे आवाज जातात, मला स्वतःचा आवाज नाही. शेठने रंजनाबेनना पुन्हा घड्यांच्या टेबलावर पाठवलं.

काही दिवसांनी चेतनने तिकडे फोन लावला.  "रंजनाबेन, काही अडचण तर नाही ना?"

"नही भाऊ. घड्या घालाले काय अडचण?"

इथे हसतात हे मिलभर कळलंय, म्हणून आता कोणीच फोन करत नाही आणि मी दिवस दिवस गप्प असतो. तक्रारी कमी झाल्या, असं ललित शेठना सांगतो. मित्रांनो, मदत मागायलाही धीर लागतो. कोणी विचारलं तर हसू नका हो. मला पुन्हा वाजायचं आहे.