नेलिदाबाईंचा सोमवारचा गट

अर्जेंटिनातल्या रोसारिओ शहरात एका दवाखान्यात नेलिदाबाई जोडीदार गमावलेल्यांचा गट चालवायच्या. त्यांच्या गुरूंची शिकवण एकच होती: आपण बोलायचं नाही, गटाचं मन आपोआप उघडतं. पण इथं ते उघडेना. माणसं खिडकीबाहेर बघत बसायची आणि वेळ संपली की कोट चढवून निघायची. एका सोमवारी एक बाई उठता उठता म्हणाली, "गप्प बसायला माझं घर आहे की." ती पुन्हा आली नाही.

ते वाक्य नेलिदाबाईंना लागलं. तरुणपणी ज्यांना नाकं मुरडली होती ती दुसऱ्या उपचारपद्धतींची पुस्तकं त्यांनी फळीवरून खाली काढली. एका पद्धतीतून घरी करायची छोटी कामं उचलली, नाट्योपचारातून रिकामी खुर्ची. गुरूंचं मौनही टाकलं नाही. ते कुणी मन मोकळं केल्यावर पाळायचं ठरवलं.

पुढच्या सोमवारी त्यांनी गटातल्या अन्सेल्मोला रिकाम्या खुर्चीसमोर बसवलं. बंदरावर क्रेन चालवण्यात त्याचा जन्म गेला होता.

"इथं तुमची बायको, एल्विरा, बसलीय असं समजा. बोला तिच्याशी."

"ती असती तर मला बोलू दिलं असतं होय, डॉक्टरबाई?"

सगळे हसले. मग तो खुर्चीकडे वळला. "एल्विरा, तुझी झाडं वाळली गं. पाणी घालायचं राहूनच गेलं. रागावू नकोस." मग मान हलवून म्हणाला, "नाही, रागावच जरा. घरात आता कुणी रागवतच नाही."

नेलिदाबाईंनी ठरवलेलं मौन पाळलं. शेजारच्या रोसाउरानं आपल्या हातातला गरम 'माते', नळीनं ओढून प्यायचा तिथला कडवट चहा, त्याच्यापुढे धरला.

निघताना बाईंनी काम सांगितलं, "या आठवड्यात एकदा तरी कुणाच्या तरी सोबतीनं जेवायचं."

"आणि तुम्ही कुणाबरोबर जेवता?" अन्सेल्मोनं विचारलं.

'हे तुम्हाला का विचारावंसं वाटलं?' हे ठरलेलं उत्तर ओठांवर आलं. ते त्यांनी गिळलं.

"एकटीच. रेडिओ लावून."

"मग चला की आमच्याबरोबर," रोसाउरा म्हणाली. "कोपऱ्यावर पिझ्झा बरा मिळतो."

पद्धती कितीही वेगळ्या असोत, उपचार करणाऱ्यानं आपल्या रुग्णांबरोबर जेवायला जायचं नाही, याबाबत सगळ्या पुस्तकांचं एकमत होतं.

"मला नाही येता येणार. तुम्ही जा."

जिन्यावरून त्यांचे आवाज उतरत गेले. पिझ्झ्यावर कांदा हवा की नको, यावर अन्सेल्मो वाद घालत होता. बाईंनी खुर्च्या भिंतीला लावल्या, दिवा मालवला आणि त्या खाली आल्या. तिकडे जुलै म्हणजे ऐन हिवाळा; नदीवरून बोचरा वारा सुटला होता. कोपऱ्यावरच्या काचेआड त्या साऱ्यांनी दोन टेबलं जोडून घेतलेली दिसली. आपण कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून नेलिदाबाई रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर गेल्या आणि घराच्या दिशेनं चालू लागल्या.