सुटेबल

बातमी कॉलेजच्या शिपायाकडून कळली. शिरूरच्या त्या कॉलेजात विनोद चार वर्षं तासावर इंग्रजी शिकवत होता. दौंडहून सकाळची एसटी धरायची, तास घ्यायचे आणि न्हावऱ्यावरून परत. एमए पहिल्या वर्गात, नेट झालेली. इंग्रजीची एक कायमची जागा राखीव होती आणि तिच्यासाठी त्यानं यंदा तिसऱ्यांदा मुलाखत दिली होती.

ज्ञानू शिपाई नोटीस बोर्डावर कागद टाचत होता. विनोदला पाहून त्याचा हात थांबला.

"सर, ह्ये विंग्रजी आपल्याला काय कळत न्हाई," तो म्हणाला आणि बाजूला झाला. त्याला सगळं कळलं होतं.

कागदावर एकच ओळ होती. नन फाउंड सुटेबल.

मुलाखत घ्यायला पाच जण बसले होते. वाङ्मयावर एक प्रश्न झाला, मग एकानं विचारलं, "वडील काय करतात?"

"गँगमन होते, रेल्वेत. आता रिटायर."

"मग तुम्ही रेल्वेत का नाही चिकटलात?"

सगळे हसले. विनोदही थोडा हसला होता. आता बोर्डासमोर उभं राहून त्याला त्या पाचांपेक्षा स्वतःच्या हसण्याचा जास्त राग आला.

तो तडक प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेला.

"कमिटीचा निर्णय आहे हो. मी एकटा काय करणार?" प्राचार्य म्हणाले. "मनाला लावून घेऊ नका. आणि सोमवारपासून शेवटच्या वर्षाचेही तास तुम्हीच घ्या. दुसरं आहे कोण आपल्याकडं?"

"पण मी सुटेबल नाही ना, सर?"

"अहो, ते जागेसाठी. तासांसाठी कोण काय म्हणतंय?"

शब्दांची मुळं शोधायचा विनोदला नाद होता. 'नाइस' म्हणजे एके काळी मूर्ख, असं सांगितलं की वर्ग खदखदून हसायचा. त्या दुपारी त्यानं ग्रंथालयातला जाडा कोश काढला. सुटेबल आला सूटवरून, सूट फ्रेंचांकडून, आणि त्याच्याही तळाशी लॅटिनमधलं एक साधं क्रियापद होतं. मागोमाग जाणे. सरदाराच्या पाठीमागून चालणारा लवाजमा, त्या लवाजम्याला एकसारखा पोशाख, आणि त्या पोशाखात जो शोभून दिसेल तो सुटेबल. विनोदनं ते दोनदा वाचलं आणि कोश जागेवर ठेवला.

घरी वडील, कोंडिबा, दारातच बसले होते. आत आई, आक्काबाई, भाकरी थापत होती.

"काय झालं रं?"

"सुटेबल न्हाई म्हणाले, आबा."

"म्हंजी?"

"मुळात त्याचा अर्थ मागं मागं चालणारा. साहेबाच्या."

कोंडिबा म्हणाले, "मंग मी हाय की सुटेबल. तीस वर्सं मुकादमाच्या मागं चाललो रुळावरनं. मला न्हाई कुणी खुर्ची दिली." बोलताना ते हसले नाहीत.

पुढच्या जूनमध्ये ती राखीव जागा खुली झाली. कुठल्या नियमानं, ते कुणी सांगितलं नाही. संस्थेच्या अध्यक्षांचा भाचा तिच्यावर लागला. पहिल्याच आठवड्यात प्राचार्यांनी विनोदला बोलावलं.

"सर नवे आहेत. तुमच्या नोट्स त्यांना देऊन टाका."

"घरी आहेत," विनोद म्हणाला.

सहा वह्या होत्या. धड्याशेजारी समासात प्रत्येक अवघड शब्दाचं मूळ लिहिलेलं. संध्याकाळी विनोदनं घरी हे सांगितलं.

"दिऊन टाक," कोंडिबा म्हणाले. "ह्या वर्सीचं तास कुणाला द्यायचं, त्ये त्येच ठरवत्यात."

"माझी मेहनत हाय ती. न्हाई देणार."

"मंग काय करशील? बसशील माझ्या पेन्शनीवर?"

"आबा, तुम्ही गप बसा! जलमभर मान खाली घालून चाललात, मला नका शिकवू!"

आक्काबाईचा हात पिठातच थांबला. कोंडिबा उठले, चपला न घालताच बाहेर गेले आणि कॉलनीच्या नळापाशी जाऊन उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी विनोदनं वह्या पिशवीत घातल्या. स्टाफरूममध्ये त्या नव्या सरांपुढं ठेवल्या.

"थँक्यू," नवे सर पानं चाळत म्हणाले. "अक्षर फार सुंदर आहे हो तुमचं."

संध्याकाळी ज्ञानूनं तासांची यादी लावली. विनोदचं नाव तिच्यात होतं. घरी येऊन त्यानं आईला तेवढं सांगितलं. आबांशी तो महिनाभर बोलला नाही.