घोडीवरचा ठिय्या

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये असताना बाईंनी एकदा साहेबाच्या केबिनच्या दारातच सतरंजी टाकली आणि महिलांसाठी विश्रांतीची खोली मिळवली. तेव्हापासून त्यांचं नाव पडलं युनियनबाई. पुढे साहेब गेले, एक्स्चेंज गेलं, नाव तेवढं राहिलं. आणि एक स्कूटर.

दोन महिन्यांपूर्वी तीही गेल्यातच जमा झाली. म्हणजे स्कूटर जिन्याखालीच होती. चावी मुलाच्या खिशात गेली. बाई पडल्या होत्या हे खरं. पण तेव्हा स्कूटर उभी होती आणि बाई ती स्टँडवर लावत होत्या. उभ्या गाडीवरून पडणं हा अपघात नव्हे, गैरसमज आहे, असं त्यांचं म्हणणं. मुलाने मात्र "आई, तुझ्या काळजीपोटीच सांगतो" असं म्हणून भाषणाला सुरुवात केली. अशी सुरुवात झाली की शेवटी आपल्याकडून काहीतरी काढून घेतलं जातं, हा बाईंचा नोकरीतला अनुभव. इथेही तेच झालं.

मग तोंड गोड करायला मुलगा, सून आणि बाई अशी ही परदेशची सहल. समुद्रकिनारा, घोडेस्वारी, वन्यजीवदर्शन. मुलाने निघताना स्कूटरची चावी स्वतःच्या जुडग्यात अडकवून बरोबरच घेतली. तिलाही परदेश घडला, तोही पासपोर्टशिवाय.

किनाऱ्यावर लाकडी कुंपणापाशी घोडे उभे होते. बाई बसमधून उतरेपर्यंत मुलाने टूर मॅनेजरला सांगूनही टाकलं होतं, "आई बसमध्येच थांबेल."

"बसमध्ये बसायला मी पासपोर्ट नाही काढला," बाई म्हणाल्या.

"आई, तुझा गुडघा—"

"गुडघा माझा आहे. तो काय म्हणतो ते मी तुला कळवीन."

"मावशी, उगाच रिस्क कशाला?" मॅनेजर गोड हसत म्हणाला.

"नातं जोडून बाजूला सारायचं असेल, तर सरळ बाई म्हण."

घोडेवाली थोराड बांध्याची होती. एका घोड्याचा खूर मांडीवर घेऊन ती त्यातला खडा काढत होती. तिने बाईंना वरपासून खालपर्यंत पाहिलं, सगळ्यांत म्हाताऱ्या घोडीपुढे लाकडी पायरी आणून ठेवली आणि बाईंच्या डोक्यावर हेल्मेट चढवून हनुवटीखाली पट्टा आवळला. टाचा मारल्या की चल, लगाम ओढला की थांब. शिकवणी संपली. बाईंना स्कूटरचं लायसन काढताना याच्या दसपट त्रास झाला होता.

घोडी निघाली आणि बाईंची पाठ आपोआप ताठ झाली. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला वाळूच्या टेकड्या, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदाच कुणी "आई, सावकाश" म्हणत नव्हतं. म्हणणारा मागे राहिला होता. त्याचा घोडा दर पाच पावलांनी गवत खायला थांबे आणि तो आयाळ धरून त्याला "अहो, चला ना" म्हणे.

बऱ्याच अंतरावर मॅनेजरने हात वर केला. "ते बघा, सील!" लांब पाण्यात वाळूचा एक पट्टा होता आणि त्यावर काळी गाठोडी पडल्यासारखी दिसत होती. सगळ्यांनी त्या ठिपक्यांचे फोटो काढले. "चला, सील पाहून झाले!" म्हणत मॅनेजरने घोडा वळवला.

"मला काही दिसलं नाही," बाई म्हणाल्या.

"माव... बाई, तिथेच तर होते."

"असतील. आमचे साहेबही केबिनमध्ये असायचे."

कुंपणापाशी परतल्यावर सगळे उतरले. मुलगा पाय फाकवत घोडीजवळ आला. "झाली ना हौस? आता घरी गेलो की स्कूटर त्या सलूनवाल्याला देऊन टाकू. मी त्याला हो म्हटलंय."

बाईंनी रिकिबीतून काढलेला पाय पुन्हा आत घातला.

"मग मी उतरत नाही."

"म्हणजे?"

"ठिय्या. मागणी एकच, चावी."

"आई, लोक बघतायत!"

"लोकांनी बघावं म्हणूनच ठिय्या असतो. घरात बसून केला तर त्याला रुसवा म्हणतात."

बसने हॉर्न दिला. हॉटेलातलं जेवण थंड होतंय, असं मॅनेजर सर्वांना सांगत सुटला. काय झालंय, असं घोडेवालीने खुणेने विचारलं. बाई घाबरल्यात, असं मॅनेजरने तिच्या भाषेत सांगितलं आणि वर थरथर कापून दाखवलं. बाईंनी जोरजोरात मान हलवली. मुलाच्या खिशाकडे बोट केलं, हवेत चावी फिरवली, मूठ पिळून गाडी सुरू केली, मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला. घोडेवालीने एकदा मुलाकडे पाहिलं. मग तिने उतरायची पायरी उचलली, चार पावलं लांब नेली आणि तिच्यावर स्वतःच बसली. मॅनेजरने लगाम ओढून पाहिला, तर घोडीने चारही पाय रोवले. एकूण संप शंभर टक्के यशस्वी होता.

तोवर भरती आली होती. लांबचा वाळूचा पट्टा पाण्याखाली गेला आणि त्यावरच्या गाठोड्यांना दुसरी जागा शोधणं भाग पडलं. आधी एक ओलं, टकलं डोकं किनाऱ्याजवळ वर आलं. मग दुसरं. बघता बघता एक मिशाळ सील पोटावर घसटत समोरच्या वाळूवर आला, लांब उसासा टाकून आडवा झाला आणि मॅनेजरकडे टक लावून पाहू लागला.

"तुम्ही तर पाहून झाले म्हणाला होतात!" गटातल्या एका काकांनी मॅनेजरला हळूच टोचलं. जेवणाचं नाव कुणी काढेना. "बाई, आणखी थोडं बसा हं," त्यांच्याबरोबरच्या काकू कुजबुजल्या.

बाईंना बसणं भागच होतं. गुडघ्याने मघाशीच काम बंद केलं होतं. तो आता ना वाकत होता ना सरळ होत होता. पण वाटाघाटी चालू असताना स्वतःची अडचण समोरच्याला सांगायची नसते. त्यांनी चेहरा साहेबासारखा कोरडा ठेवला.

शेवटी सूनबाई नवऱ्यापुढे येऊन उभी राहिली. "अहो, द्या ती चावी."

"तूसुद्धा?"

"मला रोज सकाळी बसस्टँडवर कोण सोडायचं? तुम्ही झोपलेले असायचात. दोन महिने मी चालत जातेय."

मुलाने जुडगं काढलं. चावी कडीतून निघेना, नख तुटलं, मग निघाली.

"आधी सलूनवाल्याला फोन," बाई म्हणाल्या.

"हॅलो... हां, ते स्कूटरचं रद्द करा. नाही हो, आई बरी आहे. घोड्यावर आहे." पलीकडून काही विचारणा झाली असावी. "नाही, चेष्टा नाही."

त्याने चावी वर दिली. "हेल्मेट तरी घालशील ना?"

बाईंनी डोक्यावर टकटक वाजवून दाखवलं. चावी जाकिटाच्या आतल्या खिशात टाकली, चेन लावली, चेनवर हात ठेवला.

"गुडघा काय म्हणतो ते कळवीन म्हटलं होतं ना? कळवते. अडकलाय."

मुलाने गुडघ्याला हात लावून पाहिला. "कधीपासून?"

"ते मागणीपत्रात नव्हतं."

मग घोडेवालीने काखेत हात घातले, मुलाने कंबर धरली, काकांनी एक पाय घेतला, मॅनेजरने दुसरा. समोरचा सील मान वाकडी करून हा वन्यजीव पाहत होता.

"उतरवताय म्हणून चावी परत मिळणार नाही हं," बाईंनी अधांतरीच बजावलं.